लीडरांची परीक्षा

बाळांनो, परवा तुम्ही तिकडच्या डोंगराचा फोटो पाठवलात आणि सोबत तक्रार केलीत, की माथ्यावर पोचल्यावर आई सरळ आल्या वाटेने उतरू देत नाही. पलीकडच्या बाजूने, झुडपांतून, पूर्ण वळसा घालायला लावते. हे खूळ कुणाचं, असं विचारलंत. ते तुमच्या आईच्या वडिलांचं. तुमच्या जन्माआधीच ते गेले. तुमची आई त्यांच्याविषयी सांगायला लागली की अर्ध्यावर रडते, म्हणून मीच लिहिते. मी त्यांची विहीण. मला क्रमाने सांगता येईल.

अख्खी डोंबिवली त्यांना ‘लीडर’ म्हणायची. अख्खी म्हणजे त्यांची सोसायटी आणि शेजारच्या दोन. आठवडाभर ते मुंबईत एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि तिथे त्यांचा आवाज कुणी ऐकल्याचं माझ्या कानावर नाही. रविवारी मात्र खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि गळ्यात शिट्टी. सोसायटीतली आठ-दहा माणसं मागे घेऊन ते ठाण्याला येऊरच्या डोंगरावर यायचे. एका अंगाने चढायचं आणि दुसऱ्या अंगाने ओढ्याच्या कोरड्या पात्रातून उतरायचं. “आल्या वाटेने परत येतो तो कारकून,” असं ते म्हणत. म्हणताना स्वतःचा हुद्दा त्यांच्या ध्यानात नसे.

माथ्यावर उभं राहून ते छडीने मुलूख दाखवत. “ते बाळकुम.” कुणी म्हणालं, “लीडर, बाळकुम त्या बाजूला,” तर छडी तसूभर हलायची नाही. “आज धुकं आहे,” एवढंच ते म्हणत. ‘अजून किती?’ हा प्रश्न विचारायला सक्त बंदी होती. जो विचारेल त्याने सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या वाहायच्या.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांची मुलगी मेधा, म्हणजे तुमची आई, लग्नाची झाली आणि लीडरांनी डोंगराला नवं काम दिलं. “पोहे खाताना सगळेच मुलगे सज्जन असतात,” ते म्हणत. “डोंगरावर न्या, मग कळतं.” एक बँकवाला पहिल्याच चढावर एकट्याचा डबा उघडून बसला. बाद. एका इंजिनियरने माथ्यावर आधी खिशातून कंगवा काढला. बाद. तिसऱ्याने उतरताना विचारलं, “इथे रिक्षा मिळते का हो?” लग्न लांबत चाललं. मेधाच्या आईने देवाला सांगून पाहिलं आणि लीडरांनाही. देवाने निदान ऐकून घेतलं.

मग आमची पाळी आली. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला आणि नौपाड्याला आमच्या घरी पोस्टकार्ड आलं: ‘चिरंजीवांना रविवारी पहाटे कॅनव्हासच्या बुटांसह येऊरच्या पायथ्याशी पाठवावे. पोहे नंतर.’ तुमचे आजोबा म्हणाले, “मुलाचं लग्न करायचंय की त्याला सैन्यात घालायचंय?” मी मात्र बरोबर जायचं ठरवलं. डोंगरावर माणूस कळतो हे खरं असेल, तर मुलीचा बाप मलाही कळायला हवा होता.

दिवाळी नुकतीच झाली होती. गवत वाळून खांद्याएवढं उभं, पायाखाली घसरता मुरूम, कारवीची खोडं धरधरून वर चढायचं. माझ्या साडीत इतकी कुसळं रुतली, की ती पुन्हा नेसण्याजोगी राहिली नाही. तुमच्या बाबाने पायथ्याची घरं दिसेनाशी व्हायच्या आत विचारलं, “काका, अजून किती?” झालं. सगळ्या बाटल्या त्याच्या गळ्यात आल्या आणि तो मागे पडत पडत शेवटाला गेला. शेवटाला मेधा होती. कुणी वाटेत राहू नये म्हणून सगळ्यांच्या मागून चालणं हे तिचं ठरलेलं काम.

लीडर पुढून प्रत्येक वळणावर शिट्टी फुंकत होते. मागून हसण्याचे आवाज येत होते.

“चिरंजीवांना दम कमी दिसतो,” ते मला म्हणाले.

“बोलण्यात जातोय,” मी म्हटलं.

“कुणाशी?”

मी खाली बोट दाखवलं. निम्म्या बाटल्या आता मेधाच्या खांद्यावर होत्या. लीडरांची शिट्टी तोंडात तशीच राहिली.

माथ्यावर सगळे बसल्यावर त्यांनी उभ्याने निकाल सांगितला. “नापास. दम नाही, शिस्त नाही, आणि बाटल्या उमेदवाराने स्वतः वाहायच्या असतात.”

त्यांना कधी उलट न बोललेली तुमची आई म्हणाली, “अप्पा, निकाल बरोबर आहे. पण मला ह्यांच्याबरोबर डोंगरावर राहायचं नाहीये. नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायचंय.”

“लिफ्ट नाही आमच्याकडे,” तुमचा बाबा घाईघाईने म्हणाला. “तेवढं मी रोज चढतो, काका.”

कुणी हसलं नाही. हसायची सगळ्यांनाच भीती वाटत होती. लीडरांनी छडी उचलली आणि उतरायला लागले. ओढ्याचे धोंडे माणसाएवढे; प्रत्येक अवघड जागी ते थांबून मला हात देत होते. पायथा दिसायला लागला तेव्हा म्हणाले, “विहीणबाई, जपून. पुढचा दगड हलतो.” तोवर मी नुसती ‘बाई’ होते. लग्न ठरल्याचं मला असं कळलं.

लग्नानंतर ते ओळख करून देत, “हे आमचे जावई. नापास.” दर वर्षी दिवाळी झाली की येऊरला फेरपरीक्षा व्हायची आणि निकाल तोच लागायचा, कारण तेवढं नवं. एकदा बुटाची नाडी सुटली म्हणून, एकदा फोटो फार काढले म्हणून. एका वर्षी तुमचा बाबा सगळ्यांच्या आधी वर पोचला. “आगाऊपणा,” लीडर म्हणाले. “नापास.”

पुढे तुमच्या आईबाबांचं परदेशी जायचं ठरलं. त्या वर्षी लीडरांचे गुडघे गेले होते, तरी ते आले. शिट्टी दुसऱ्या कुणाला दिली आणि मागून, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून चढले. वर पोचल्यावर मेधा म्हणाली, “अप्पा, आम्ही आता चाललो. आज तरी पास करा ना ह्यांना.”

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “पास झालेला पुन्हा परीक्षेला कशाला येईल?”

पुढच्या दिवाळीला तुमच्या आईबाबांना रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला ते आले, तेव्हा लीडर नव्हते. तो निकाल बदलण्याचा अधिकार दुसऱ्या कुणालाच नाही. तुमचा बाबा अजून नापास आहे.