लाल शेरा

सुरुवात बिटापासून झाली. एका सकाळी संडासात लाल दिसलं. मी इतकी दचकले की कडी न काढताच बाहेर पडायला गेले आणि कपाळ दारावर आपटलं. मग स्वतःची समजूत घातली, काल बीट खाल्लंय ना, त्याचंच असेल. दारव्ह्याला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसल्यावर आठवलं, बिटाची कोशिंबीर कॉलेजातल्या शिल्पाच्या डब्यात होती. मी तिला हातही लावला नव्हता!

तेव्हापासून दोन वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या पोटाने अन्न कमी आणि किस्से जास्त धरून ठेवलेत. एक आठवला की मागून दुसरा घाई करतो. घाईची सवय मला आहेच, म्हणून सांगूनच टाकते.

०

मी यवतमाळहून रोज दारव्ह्याला जाते, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला. विषय? जीवशास्त्र! आतड्याची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढते. पण डॉक्टर मॅडमनी दुर्बिणीच्या तपासणीनंतर 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "म्हणजे माझ्याच आतड्याला?"

मॅडम कडक. म्हणाल्या, "आतड्याला सूज आहे, जखमा आहेत. गोळ्यांनी आटोक्यात राहतं. पण बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. काही वाटलं तर फोन कर." आणि फाइलवर दवाखान्याचा नंबर लिहून दिला.

स्टाफरूममध्ये फक्त शिल्पाला सांगितलं, तेही कानात. कोपऱ्यात चहा गाळणारे आमचे शिपाई कवडूभाऊ म्हणाले, "मी तं केव्हाचा सांगून राह्यलो मॅडम, ते कोला-फोला पिऊच नये!"

०

मग शिल्पाने युक्ती काढली. स्टाफरूममध्ये रक्त, संडास असले शब्द नकोत. पेपर तपासताना आपण लाल शेरे मारतो ना, तेच म्हणायचं. सकाळी आली की ती विचारायची, "किती शेरे?" मी म्हणायचे, "दोन." कधी "चार."

आठवडाभर ऐकून भूगोलाच्या राठोड सरांना राहवलं नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून म्हणाले, "मॅडम, वाईट नका मानू. पोरं तुमच्या विषयात लयच कच्चे दिसते!"

०

खरं काय ते शेवटी कवडूभाऊंकडूनच राठोड सरांना कळलं. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या तांड्यावरून कुड्याच्या झाडाची साल घेऊन आले. सर आईला याडी म्हणतात. "याडीनं स्वतः सोलून देली. काढा करा, सकाळ-संध्याकाळ पेजा."

काढा इतका कडू की पहिल्या घोटाला डोळ्यांपुढे तांडा दिसला. दोन दिवसांनी मी भीत भीत विचारलं, "सर, याने नक्की कोणी बरं झालंय ना?"

"म्हणजे काय! दोन दिवसांत ताडकन उभं राह्यलं."

"कोण?"

"वासरू!"

माझा चेहरा बघून सरांनी धीर दिला. "म्हैसबी."

०

आईचं मत वेगळं. "पोरीची बेंबी सरकली आहे, बाकी काही नाई." मला नेरला बेंबी बसवणाऱ्या एका मावशींकडे नेलं. मावशींनी सतरंजीवर झोपवलं, पोटावर पेटता दिवा ठेवला आणि त्यावर तांब्या उपडा घातला. तांब्या पोटाला घट्ट धरून बसला. "आता हालू नको वं माय. बेंबी जाग्यावर येऊन राह्यली."

मी श्वास धरला. तेवढ्यात उशाला ठेवलेला मोबाइल थरथरला. मी ताडकन उठून बसले! तांब्या एकीकडे, दिवा दुसरीकडे, तेल आईच्या साडीवर.

मावशींनी कपाळाला हात लावला. "बसेल होती वो बाई! हिनं पुन्हा सरकवली!"

फोन कुणाचा होता? प्राचार्य मॅडमचा. त्यांना दुधीच्या रसाबद्दल सांगायचं होतं.

०

आता हसू नका, पण पुढच्या महिन्यात मी बरी झाले. शेरे शून्य! वजन वाढलं. काळीपिवळीत बसताना ड्रायव्हरला 'मध्ये कुठे थांबता?' विचारायचं सुटलं. मी सगळ्यांना पेढे दिले.

पेढा हातात घेऊनच भांडण सुरू झालं. राठोड सर म्हणाले, हे याडीच्या सालीचं काम. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, छे, दुधी. आईने फोनवरून बेंबीची बाजू लावून धरली. कवडूभाऊ म्हणाले, "आन् कोला बंद केला कोनाच्या सांगन्यावरून?"

गोळ्यांचं नाव कुणीच घेतलं नाही. मीसुद्धा नाही. त्यात याडीचा निरोप आला, "इंग्रजी गोळी न् काढा एका पोटात भांडते. एक काहीतरी ठेव."

मी काढा ठेवला.

०

तीन आठवड्यांनी लाल परत आलं. पण सांगणार कसं? लोकांनी पेढे खाल्ले होते! शिल्पाने "किती?" विचारलं की मी "शून्य" म्हणायचे आणि काढ्याचा डोस वाढवायचे. सैल झालेल्या कुर्त्याला पिना लावाव्या लागल्या. जिना चढताना कठडा धरायचे.

अशात अकरावीच्या परीक्षेला सुपरव्हिजन आलं. अर्धा तास दात आवळून काढला. मग कळ अशी आली की मी दाराशी धावले, मागे वळून "सर, लवकर या!" असं ओरडले आणि व्हरांड्यातून पळत सुटले.

मला फक्त शेजारच्या वर्गातल्या राठोड सरांनी माझ्या वर्गात येऊन उभं राहायला हवं होतं. पोरांना वाटलं, भरारी पथक आलं! दोन्ही वर्गांच्या खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. परत येताना मी भिंतीचा आधार घेत चालत होते, तर कवडूभाऊ खाली झाडू घेऊन उभे. "मॅडम, उद्याच्या पेपरलेबी असंच एकदा पळजा!"

०

पेपर संपल्यावर शिल्पाने मला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. "खरं सांग. आज किती?"

"आठ."

ती हसली नाही. स्टूल पुढे केलं. "फोन लाव."

डॉक्टर मॅडम ओरडतील याची मला इतकी भीती, की मी आधी एका कोऱ्या पुरवणीवर वाक्य लिहून काढलं. 'नमस्कार. मी आपली पेशंट. मी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या, त्याबद्दल दिलगीर आहे.' शिल्पा म्हणाली, "हा अर्ज आहे का वं?"

पहिल्यांदा लावला, बिझी. दुसऱ्यांदा पूर्ण वाजला, कुणी उचललाच नाही. तिसऱ्यांदा रिंग गेली आणि मीच कापला. चौथ्यांदा शिल्पाने माझा अंगठा धरून ठेवला, तर बिझी. पाचव्यांदा परत बिझी. पोटात पुन्हा कळ आली. मी उठायला लागले, तिने खांदा दाबून बसवलं. सहाव्यांदा रिंग वाजत राहिली. वाजत राहिली. मी डोळे मिटले.

"हॅलो, दवाखाना. सिस्टर बोलून राह्यली. बोला."

मी एवढी दचकले की पुरवणी हातातून पडली. वाक्य गेलं. नाव गेलं. तोंडातून जे निघालं ते निघालं.

"सिस्टर, आज लाल शेरे आठ!"

पलीकडे मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. शिल्पाने तोंडावर हात ठेवला. आता ठेवणार फोन, मला वाटलं.

"गोळ्या बंद करून किती दिवस झाले, ते आधी सांग," सिस्टर रोजच्या सवयीने म्हणाल्या. "काढा कोनता, ते मंग सांगजो."