आखाजीचं बोलावणं

माझ्या नाकावर राग असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. नानांच्याही होता. खाण तशी माती, म्हणायची आई. नाना म्हणजे माझे वडील, एका सहकारी बँकेच्या पिंपळनेर शाखेत हेडक्लार्क. मी त्याच बँकेच्या जळगावच्या मुख्य कार्यालयात, कॉम्प्युटर विभागात. विभाग कसला डोंबलाचा, एक खोली, दोन मशिनं आणि मी. सासर तिथंच, मेहरूणला.

कॉम्प्युटर यायच्या आधी एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पैसे द्यायचा निरोप फोनवर सांगत. नाव, रक्कम, तारीख आणि शेवटी एक गुप्त आकडा. तो जुळला की निरोप खरा. पिंपळनेरहून नाना सांगायचे, इकडे मी लिहून घ्यायचे. आकडा जुळेपर्यंत अगदी ऑफिसचं मराठी, आणि जुळला की एकदम घरची अहिराणी. "बठ्ठं बरं शे. आंबा मोहरना." म्हणजे सगळं बरं आहे, आंबा मोहरलाय. एखादंच वाक्य, की फोन खाली. आमच्या दोन्ही घरी फोन नव्हता. लग्नानंतर बापलेकीचं बोलणं म्हणजे तेवढंच.

आखाजीचं बोलावणंही तसंच यायचं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, पण बोलावल्याशिवाय नाही. भाऊ घ्यायला येतो. मला भाऊ नाही. म्हणून आकडा जुळला की नाना म्हणायचे, "आखाजीले ये व माय, झोका बांधेल शे." मी लगेच रजेचा अर्ज टाकायचे. दारच्या निंबाला बांधलेल्या त्या झोक्यावर मी दोन पोरांची आई झाले तरी बसायचे, आणि नाना ओट्यावरून बघत बसायचे.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी बँकेने शाखाशाखांत कॉम्प्युटर बसवले. प्रत्येक शाखेचा प्रोग्रॅम वेगळ्या दुकानातून घेतलेला, एकाचं दुसऱ्याला कळेना. पुण्याच्या एका मैत्रिणीने मला फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम दिला. दोन मशिनांमध्ये दुभाष्याचं काम करणारा, फुकट वाटलेला, आतला कोडही उघडा. ज्याला हवी त्याने भर घालावी. त्याला बँकेच्या निरोपाचा ठरलेला नमुना ठाऊक नव्हता. तो मी चार महिने खपून शिकवला. कुठल्या ओळीत नाव, कुठल्या ओळीत रक्कम, कुठे किती अक्षरं. नमुन्यात न बसणारी ओळ आली, तर ती काढून एका वेगळ्या फाइलमध्ये टाकायची आणि बाकीचा निरोप पुढे सोडायचा. ही माझी स्वतःची युक्ती होती. केवढा अभिमान होता मला तिचा!

शाखेच्या लोकांना शिकवायला धुळ्याला बोलावलं होतं. नानाही आले. एका बोटाने टाइप करत त्यांनी सगळं नीट करून पाहिलं आणि मग भर खोलीत विचारलं, "आणि आपली ओळ कुठं लिहायची?" माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड सोडलं. "नाना, हे बँकेचं काम आहे. घरचं पोस्टकार्ड नाही."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चहालाही न थांबता गावाकडची साक्रीची गाडी धरली.

त्या वर्षी आखाजी जवळ आली तरी मला बोलावणं नाही. पिंपळनेरचे निरोप रोज यायचे, नाव, रक्कम, तारीख, अगदी नमुन्याबरहुकूम. म्हटलं, बसलेत रुसून. बसू देत. मी तरी कुणाची लेक? पोरं मामाच्या गावाला नाही तर नाही, पण आजोबांच्या गावाला कधी जायचं म्हणून मागे लागली. त्यांना मी गप्प केलं. आखाजीच्या दिवशी मेहरूणच्या घरी पुरणपोळ्या लाटल्या आणि चुलीजवळ एकटी रडले.

पंधरा दिवसांनी बँकेत फोन आला. नाना गेले होते. सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता.

पिंपळनेरला पोचले तर निंबाला झोका तसाच लोंबत होता. बाकी गल्लीतले कधीच सोडलेले. रडून झाल्यावर मी आईवरच ओरडले, हा अजून कशाला ठेवलाय म्हणून.

"तुनाकरताच बांधेल व्हता," आई म्हणाली. "तू वनीच नही."

"मला बोलावलं कुणी?"

नाना तर रोज संध्याकाळी घरी येऊन सांगायचे की आज पण तिला लिहिलं, आई म्हणाली.

दिवस झाल्यावर जळगावला परतले आणि घरी पिशवी न ठेवता आधी ऑफिसात गेले. नको असलेल्या ओळींची ती फाइल उघडली. दर पहिल्या तारखेला मी ती न वाचता पुसायचे, म्हणून त्या एका महिन्याच्याच ओळी उरल्या होत्या. गुप्त आकड्याच्या खाली, इंग्रजी अक्षरांत अहिराणी. 'आखाजीले ये व माय.' 'झोका बांधेल शे.' मग आखाजीनंतरच्या. 'तू वनी नही.' 'झोका सोडेल नही.' आणि शेवटची, 'राग सोड आते.' राग सोड आता, म्हणत होते.

ओळ गाळली गेली तरी त्यांच्या मशिनवर दर वेळी 'निरोप पोचला' असंच उमटत होतं. ते शब्द मीच घातले होते. त्या भरवशावर नाना रोज घरी जात होते आणि मला राग आलाय असं समजत होते. आधीच्या महिन्यांत काय काय लिहिलं असेल, ते मी माझ्या हाताने पुसलं.

त्याच आठवड्यात नमुन्यात मी एक ओळ वाढवली. शेरा, पस्तीस अक्षरं. साहेबांनी विचारलं, ही कशाला? मी नव्या नमुन्याच्या फ्लॉप्या शाखांना पाठवायला घेतल्या.

पुढच्या आखाजीला मी न बोलावता गेले. घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावाने त्या दिवशी पाण्याची घागर भरतात, तशी नानांच्या नावाची भरली. आईने निंबाला झोका बांधून ठेवला होता. पोरं बसली. मी ओट्यावर बसून राहिले.