मामाच्या गाडीची पाठ

आमचा मामा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. म्हणजे एक गाडी, एक खुर्ची आणि एक घसा. गाडी हलली की घसा सुरू: "अंतर ठेव! पुढच्याच्या मांडीवर बसायचंय का तुला?" शिकणारा घामाघूम, मामा खूश.

यंदा पलीकडच्या गल्लीत दुसरं ड्रायव्हिंग स्कूल उघडलं आणि मामाची गिऱ्हाइकं तिकडे वळली. नवे विद्यार्थी मिळाले नाहीत तर गाडी विकावी लागेल, हे मामीने भाजी निवडता निवडता जाहीर करून टाकलं. म्हणून मामाची स्वारी माझ्या ताईकडे आली. ताई डिझायनर. गाडीच्या मागच्या बाजूसाठी तिने स्कूलचं नाव, खाली ठसठशीत फोन नंबर आणि शेजारी लाल 'एल' एवढंच ठेवलं. बाकी सगळं पांढरं.

मामाने मान तिरकी करून 'च्' केलं. हा 'च्' मी इतका हुबेहूब काढतो की मामी दचकते.

"छान आहे गं. पण... उठाव नाही."

"म्हणजे नेमकं काय हवंय, मामा?"

"ते मला काय विचारतेस? डिझायनर तू! पण एवढं मोकळं कशाला? माझा फोटो टाक की."

फोटो आला. मागोमाग स्टिअरिंग, 'अनुभवी व प्रेमळ शिक्षक' आणि उगवता सूर्य. प्रेमळ! फोन नंबर आक्रसत, सरकत बंपरपाशी मुंगीएवढा होऊन बसला.

"मामा, मागचा माणूस एका नजरेत किती वाचणार? मोकळी जागा लागते. तूच शिकवतोस ना, अंतर ठेवा म्हणून?"

"ते गाड्यांचं! अक्षरं काय एकमेकांवर आपटणारेत?"

ताईने हात टेकले.

नटलेली गाडी बाहेर पडली आणि पहिल्याच सिग्नलला मागून धाडकन आवाज! फोटोतल्या मामाचं नाक आत गेलं. खरा मामा तोंडाचा पट्टा सोडतच उतरला, "अंतर ठेवता येत नाही?"

मागचे गृहस्थ ओशाळले. "सॉरी हो. मुलीला गाडी शिकवायचीय. तुमचा नंबर शोधत जवळ आलो."

मामाचा चेहरा खुलला. "मग? वाचलात ना?"

"कसला! सूर्यापर्यंतच पोचलो." त्यांनी आत गेलेल्या नाकाकडे पाहिलं. "राहू द्या. त्या पलीकडच्या गल्लीतल्यांचा नंबर लांबूनही दिसतो."

मुलगी तिकडेच गेली. बाकीचेही तिकडेच. शेवटी मामा पुन्हा ताईसमोर येऊन बसला.

"गाडीमागे 'विकणे आहे' एवढंच घालून दे, बाळ."

"कुठे घालू? जागा आहे का?"

मामाने मान तिरकी केली. "च्. बघ ना कुठेतरी. फोटोला मात्र हात लावू नकोस."