आडवा नवरदेव

फ्रीगंजमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई वेबसाइट बनवतात. फोटो कापण्यासाठी साइटला जोडायचं प्लगइन हलकं घ्यायचं की सगळ्या सोयींचं, यावरून आमचं रोज वाजतं. मी सोयींच्या बाजूचा. त्या हात झटकून म्हणतात, "अहो, फोटो कापायचाय, पिक्चर थोडीच बनवायची आहे!"

मराठी मंडळाच्या लग्न जुळवणाऱ्या साइटवर त्यांनी हलकंच बसवलं. परवा नानाखेड्याचे एक काका मोबाइल घेऊन आले. "ताई, मुलगा आडवा दिसतोय, सीधा करा ना." फोटो फिरवायला बटनच नव्हतं. बाई काहीतरी सबब सांगतील असं मला वाटलं, पण त्या खळखळून हसल्या आणि त्यांनी माझ्या आवडीचं प्लगइन लावलं.

मुलगा उभा झाला. मी खूश. तेवढ्यात काकांना उजेड वाढवायची पट्टी सापडली आणि ते मुलाला गोरा करत सुटले. बाईंनी हळूच मोबाइल घेऊन मूळ रंग परत आणला. मग कॉम्प्युटरवर बसून फिरवायचं बटन तेवढं ठेवलं, बाकी सगळी काढून टाकली.

"काका, आहे तसाच छान दिसतो."

काकांनी फोटो निरखून पाहिला.

"नाक माझ्यावर गेलंय," ते म्हणाले.