ओटा फोटोसारखा झाला, आईसारखा नाही

"फोटोसारखाच ओटा झालाय ना, मग आता काय प्रॉब्लेम आहे तुझा?" महिनाभर आईशी माझं हेच चाललंय. ती म्हणते उंच झाला, मी म्हणतो सवय होईल.

मित्रांनो, मी मस्कतला एसीच्या कामावर आहे. पालेगावच्या घरात किचन नवीन करायला काढलं तेव्हा मोबाईलवर सापडलेला एका किचनचा भारी फोटो, ओट्याशी बाई उभी असलेला, मिस्त्रीला पाठवला. मिस्त्री जुना माणूस. त्याने आईला भिंतीला उभं केलं, कोपराच्या खाली पेन्सिलने खूण केली आणि मला फोन लावला.

"वहिनी बुटक्या आहेत रे. ओटा त्यांच्या कोपराखालीच घेऊ?"

मी म्हटलं, "काका, फोटो बघून करा ना. तिला काय कळतंय त्यातलं!"

फोन स्पीकरवर होता. आईने सगळं ऐकलं.

आज दुपारी बहिणीने फोटो पाठवला. आई पाटावर उभी राहून भाकरी थापतेय. मी लगेच फोन केला, "अगं पडशील ना!"

आई हसली. "का रे, तुझ्या फोटोतली बाई पाटावर नव्हती वाटतं?"

लाज वाटली यार. जिला रोज तिथे उभं राहायचंय, तिलाच मी गप्प केलं. तुमच्यापैकी कोणी घरच्यांशी असं वागलंय का? खरं सांगा.

मिस्त्रीला सांगितलंय, ओटा फोडा आणि आई म्हणेल तेवढाच घ्या. ती नको नको म्हणतेय. तरी आज अठरा हजार पाठवतोय.