तेल न पिणारी गाडी

बोरी अरबच्या बसस्टॉपमागं बबिता राठोडचं गॅरेज आहे. फवारणीचे पंप, जुन्या मोपेड, स्कूटर, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं जे काही असेल ते तिच्याकडं येतं. गॅरेज मूळचं तिच्या नवऱ्याचं, लखनचं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या स्कूटरचा ऑइल पंप चालत्या गाडीत बंद पडला, इंजिन जाम झालं आणि लखन उजव्या खांद्यावर असा पडला की पुन्हा पाना आवळण्याजोगा राहिला नाही. तेव्हापासून पाने बबिताच्या हातात आले, आणि आपोआप तेल देणाऱ्या कुठल्याही पंपावरचा तिचा विश्वास उडाला.

मागल्या मार्चमध्ये दारव्ह्याचा कपिल एक जुनी जपानी गाडी घेऊन आला. नागपुरातून हौसेनं आणलेली. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हताच. दोन तिकोनी रोटर आतल्या आत गरगर फिरत. गरम झाली की गाडी चालू व्हायला कुरकुर करायची. जिल्ह्यात आता कार्बोरेटरला हात लावणारं माणूस शोधावं लागतं, म्हणून तो इथवर आला होता.

"कार्बोरेटर साफ करून द्या, वहिनी. बाकी गाडी एक नंबर हाय. सहा महिन्यांत तेलाचा थेंब नाही टाकला."

"थेंबही नाही?"

"पट्टी पाहा न. जिथल्या तिथं."

बबितानं ऑइलची पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. तिनं पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. मग कपिलकडं पाहत राहिली.

"कांई छ?" गॅरेजच्या कोपऱ्यात बसलेल्या लखननं खुर्चीवरून गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, विचारलं. काय झालं म्हणून.

गाडीसोबत चित्रांचं एक झेरॉक्स पुस्तक होतं. ते तिनं बोनेटवर पसरलं. इंजिनच्या तोंडाशी एक छोटा पंप, त्यातून कार्बोरेटरकडं गेलेल्या दोन बारीक नळ्या, आणि ॲक्सिलरेटरला जोडलेला एक दांडा. पाय दाबला की दांडा पंपाला ओढणार, जास्त तेल जाणार. ते रोटरच्या टोकांवरच्या, आतला दाब धरून ठेवणाऱ्या सीलच्या पट्ट्या ओल्या करणार आणि पेट्रोलसोबत जळून जाणार.

"भाऊ, हे इंजिन तेल पेतेच. ह्याची पट्टी जिथल्या तिथं काहून हाय?"

कपिल हसला. "चांगलंच हाय न मंग!"

ते हसणं तिला पटलं नाही. तिनं कॅनमध्ये पेट्रोल घेऊन त्यात हातानं ऑइल कालवलं, कारण इंजिन कोरडं फिरवायची तिची छाती नव्हती. दोन्ही नळ्या कार्बोरेटरकडून सोडवून औषधाच्या दोन बाटल्यांत सोडल्या आणि त्या कालवलेल्या पेट्रोलवर इंजिन जागेवरच पाच मिनिटं चालू ठेवलं. बाटल्या कोरड्याठाक.

पंपाकडच्या टोकानं नळी काढून तिनं तार घातली. तार अडली. टोचता टोचता सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा तिच्या तळहातावर घरंगळला. दुसऱ्या नळीतही तसाच.

"हे आपोआप नाही गेले आतमंधी," ती म्हणाली. "तुम्हाले ज्यानं गाडी इकली, त्याचंच काम."

कपिल रुमाल काढून चष्मा पुसत बसला. बबिताचा संशय तिथंच त्याच्यावर वळला.

"कपिलभाऊ, खरं सांगा."

"मीच सांगतलं होतं," तो हळूच म्हणाला. "धूर सोडते, तेल खाते, हे बंद करून दे म्हटलं. नागपूरच्या मेकॅनिकनं अर्ध्या तासात करून देलं. मले वाटलं, गाडी सुधरली."

तिला ओरडावंसं वाटलं. पण लखन खुर्चीत मान खाली घालून आपला खांदा चोळत होता, त्याच्याकडं पाहून ती नळ्यांकडं वळली.

तिनं नळ्या धुतल्या, त्यांतली हवा काढली, दांडा पुस्तकाच्या मापानं बसवला. पुन्हा पाच मिनिटं. आता दोन्ही बाटल्यांच्या बुडाशी सारखंच तेल साचलं. तिनं त्या उजेडात धरून तीनदा पाहिल्या.

"तरी दर टाकीत हातानं थोडं ऑइल टाकत जा," तिनं बजावलं.

"पंप चालू हाय न आता?"

"आज हाय."

मागच्या रोटरच्या पट्ट्या मात्र झिजल्या होत्या. दाब मोजला तर कमी भरला; गरम इंजिन त्यामुळंच चालू व्हायला अडत होतं, आणि तसे पार्ट इथं कुठं मिळणार? गाडी आता महिन्याला तेल मागते, मागं निळसर धूर सोडते, आणि कपिल तक्रार करत नाही. उन्हाळ्यात तेवढी ती दारव्ह्यात उतार पाहून उभी करावी लागते, म्हणजे ढकलून चालू करता येते.