भाकरीखालचा गूळ

झोक्यावर गायलेल्या गाण्याचा जाब कोणी विचारायचा नाही, अशी आमच्याकडे रीत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी यायच्या, गल्लीतल्या मोठ्या निंबाला झोका बांधला जायचा आणि वर्षभर ज्यांनी मान वर करून बघितलं नाही त्या पोरी सासू, नणंद, दीर सगळ्यांचा गाण्यातून उद्धार करायच्या. म्हातारी माणसं ओट्यावर बसून ऐकायची आणि ऐकलं नाही असं दाखवायची. झोका सुटला की सगळं तिथंच सुटायचं.

माझ्या लग्नानंतरची ती पहिली आखाजी. स्वातंत्र्याला अजून बराच अवकाश होता आणि बाईला स्वातंत्र्य म्हणजे हे चार दिवस. सासर प्रकाशा गावचं, तापीकाठचं. माहेर शहाद्याच्या अलीकडचं, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं. मी झोक्यावर बसले. बाकीच्या जुनीच गाणी म्हणत होत्या. मला लहानपणापासून शब्द जुळवायची खोड आणि चारचौघींत मिरवायची त्याहून जास्त. मी तिथल्या तिथं नवं गाणं रचलं :

सासूना हातनी वाळेल भाकर,
आसूस्म्हा भिजाडी खाऊ वं माय;
सासराना आंगनम्हा दिन बुडना,
माहेरनी वाट मी पाहू वं माय.

बायकांनी ते उचलून धरलं, दोनदा तीनदा म्हणायला लावलं. दोघींनी तर डोळ्यांना पदर लावला. मी भलतीच खूश झाले. खरं सांगायचं तर माझी सासू तोंडानं तिखट होती, पण तिच्या हातच्या भाकरीला कापसाचा मऊपणा होता. गाण्यात सासूची भाकर वाळलेलीच असते, म्हणून मी ती वाळवली.

माझी आई मात्र निंबाखाली उभी होती, ती घरात निघून गेली.

दोन दिवसांनी मला न्यायला नवरा गाडी घेऊन आला. त्याला पाणी दिलं, आमरस झाला, मांडे झाले. मग आई दाराआडून, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं, माझ्या बापाला म्हणाली, “पोर धाडानी नही.”

बाप चक्रावला. नवरा खाली मान घालून ओट्यावर बसून राहिला. मी आईला आत ओढलं आणि म्हटलं, “माय, ते गानं खोटं शे. झोकावरनं गानं शे ते.”

“सम्द्या पोरी असंच झाकतस,” आई म्हणाली. “बोलाम्हा पोर झाकस, गानाम्हा नही.”

मी शपथ घेतली, तर तिला वाटलं सासरच्यांनी दटावून पाठवलंय. मी चिडले, तर तिला वाटलं भ्यालीय. मी जेवढी नाही म्हणे तेवढी तिची खात्री वाढे. बाकीच्या पोरींची गाणी जुनी होती, तोंडपाठ होती. माझं नवं होतं आणि दुखल्याशिवाय कोणी नवे शब्द करत नाही, असं तिचं म्हणणं. गाडी रिकामी परत गेली असती तर प्रकाशात काय बोभाटा झाला असता हे मला दिसत होतं. अशा रिकाम्या गाडीमागे पुन्हा गाडी येत नसे.

एक वाक्य मला सोडवू शकलं असतं : मला जायचंय, तिथं मला आवडतं. पण ते वाक्य आमच्यात कोणतीच पोर बोलत नव्हती. सासरची ओढ असलेली पोर म्हणजे निर्लज्ज. त्यातून नवरा ऐकायच्या अंतरावर. आम्ही दोघं दिवसाउजेडी एकमेकांशी अक्षर बोलत नव्हतो, आणि मी त्याच्यासमोर हे बोलणार? मेले असते तरी नाही.

झोका अजून सोडला नव्हता. मी भर दुपारी जाऊन त्यावर बसले. ऊन असं की गल्लीत कुत्रं नाही. समोर आमचा ओटा, ओट्यावर बाप आणि नवरा, दारात आई. मी पायानं जमीन रेटली आणि गायला लागले :

भाकरखाले गूळ ठेवस,
कोनले सांगत नही वं माय;
तेन्हा घरना गूळ याद येस,
मन्हा जीव अठे लागत नही वं माय.

हे मात्र रचलेलं नव्हतं. सासरी पुरुष आधी जेवत आणि नवऱ्याच्या ताटातच मग बायको जेवायची. माझा नवरा ताटात रोज चतकोर भाकर ठेवून उठायचा. उचलली की खाली गुळाचा खडा. पहिल्या दिवशी मला वाटलं, राहून गेला असेल. दुसऱ्या दिवशीही होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. तेवढंच आमचं बोलणं होतं आणि ते मी आता गल्लीभर केलं.

ओट्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. गाणं संपल्यावर चोरून बघितलं तर नवरा उठून बैलांना पाणी दाखवत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. बाप पागोटं काढून पुन्हा बांधत बसला होता. आई दारात नव्हती.

ती आत सांजोऱ्या बांधत होती. माझ्याकडे न बघता तिनं गाठोडं बांधलं, माझी ओटी भरली. गाडीपर्यंत आली तेव्हा हळूच विचारलं, “गूळ खरंच ठेवस का?”

मी मान हलवली. मला लाज वाटत होती, आणि इतका आनंद होत होता की रडू येत होतं.

आई गाडीच्या चाकाला हात लावून उभी राहिली. पलीकडे बाप जावयाबरोबर बैल जुंपत होता. त्याच्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली, “मन्हं झोकावरनं गानं सम्दं खरंच व्हतं, पोर.”

बैल चालू लागले.